निकालादिवशी खोडलेली ओळ

फसवलं गेलं ते आमच्या चिकपेटच्या गल्लीतल्या फॉल-पिकोवाल्या अक्काला. पोटनिवडणुकीच्या निकालादिवशी, दुपारी पावणेदोनला. फसवणाऱ्यांत मी होते.

आमचा पक्ष विरोधातला, वस्ती कानडी. पक्षानं कामाची वाटणीच तशी केली होती: "मराठी घरं तुझी." घरची भाषा बोलणारी पोरगी दारात आली की लोक आत बसवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. अक्काची तळमजल्यावर एकच खोली. गटार तुंबलं की पाणी उंबऱ्यावरून आत. दुकानांतून आलेल्या साड्या ती पलंगावर रचून ठेवायची. डाग लागला की काम बंद.

"अक्का, या निवडणुकीनं सरकार पडत नाही," मी म्हटलं. "पण चिमटा बसतो. मग गल्लीकडे बघतात."

"चिमट्यानं गटार उपसतं होय गं?" मशीन न थांबवता ती म्हणाली. पहिल्या मतापासून ती सत्तेतल्या पक्षाचीच. मी तीनदा रिकाम्या हातानं परतले. चौथ्यांदा म्हणाली, "सरी, बरं. तुझ्या तोंडाकडे बघून देते. पण गटाराचं सांग हं त्यांना."

आमचा उमेदवार निवडून आला. विजयाचं पत्रक लिहायचं काम माझं. पहिली ओळ मी लिहिली: चिकपेटनं तुंबलेल्या गटारासाठी मत दिलं. पावणेदोनला प्रचारप्रमुखांनी ती खोडली. "गटार राज्यभर कोण वाचणार? लिही, सरकारविरोधी लाट."

मी लिहिलं. झोकात लिहिलं.

संध्याकाळी सरकारचा खुलासा आला: पराभव स्थानिक कारणांमुळे, कारभारावर जनता खूश. म्हणजे त्यांच्या लेखी हे नुसतं गटार, म्हणून सरकारनं शिकावं असं काही नाही. आमच्या लेखी नुसती लाट, म्हणून गटाराचं नाव नाही. अक्काचं मत दोघांनी वाचलं, तिला कुणीच विचारलं नाही.

महिन्याभरात पाणी आत आलं. पलंगावर न मावलेल्या साड्या भिजल्या, दुकानदारानं काम दुसरीकडे दिलं. नवे आमदार म्हणाले, "ते पालिकेचं काम." मी अक्काकडे गेले. मशीनवर चादर.

"आली बघ तुझी लाट," ती म्हणाली. "पाय वर घेऊन बस."

मी पाय वर घेतले.

तुमच्याही दारात माझ्यासारखी कुणी येईल, सरकारला इशारा द्या म्हणेल. तुम्ही कशासाठी मत देताय ते तिच्याच हातानं कागदावर लिहून घ्या. त्यावर उमेदवाराची सही आणायला लावा. निकालादिवशी तो कागद घेऊन त्यांच्या कार्यालयात जाऊन उभे राहा. सही आणली नाही, तर तिला दारातूनच परत पाठवा. घरची असली तरी.