मेळ्यात मांडलेलं रुखवत

आज दुपारी कॅन्टोन्मेंटमधल्या ख्रिसमस मेळ्यात गेले होते. हातानं केलेल्या वस्तूंचे स्टॉल, जिकडेतिकडे हिंदी. एका टेबलावर मात्र मण्यांचं तोरण, सजवलेले नारळ, सुपारीचे नवरा-नवरी आणि सप्तपदीची सात रंगीत पावलं. अगदी आपलं रुखवत. यार, मला कोण आनंद झाला.

स्टॉलवर साताऱ्याकडच्या एक ताई होत्या, मिस्टर फौजेत. मराठी ऐकून त्याही खुलल्या. मी सहज बोलून गेले, "किती सुंदर केलंय. मुलगी असेल तर तिच्या लग्नात असंच मांडा हं."

"तिच्यासाठीच केलं होतं," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात डेंग्यूनं गेली. घरात बघवत नाही आणि टाकवतही नाही."

तेवढ्यात कॉलेजमधली एक मुलगी आली. तिला ख्रिसमस ट्रीवर लावायला दोन पावलं हवी होती.

"सातों ले जाओ बेटा," ताई म्हणाल्या. "अधूरा नहीं दूँगी."

दोनचेच पैसे घेऊन त्यांनी सातही पावलं कागदात गुंडाळून दिली.

मी तोरण घेतलं. देताना त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला. "दारालाच लावा. शोकेसमध्ये नका ठेवू."

आता ते आमच्या डायनिंग टेबलावर पडलंय. हे खिळा-हातोडी घेऊन दाराशी उभे आहेत आणि मी त्यांना थांबा म्हणतेय.

तुम्ही लावलं असतं का?