कोऱ्या जागेवरची पट्टी

मावशी कुणाचीच मावशी नव्हती. प्रयोगशाळेत तिच्यामागून आलेली मुलं पदव्या घेऊन बाहेर पडली, ही तिथेच राहिली, म्हणून ते नाव पडलं. वय तिशीच्या आतलं. "मावशी, ब्लेड कुठंय?" "मावशी, बर्फ संपला." ती म्हणायची, "संपणारच. होता तेवढा मी डोक्यावर ठेवलाय."

आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. माझं शिक्षण साहित्याचं. तिचं काम तिने मला बटाटे सोलता सोलता समजावलं होतं.

सेरीन नावाचं एक अमिनो आम्ल आपलं शरीर स्वतःच तयार करतं. त्या कामातलं एक एन्झाइम कर्करोगाच्या काही गाठींमध्ये वाढतं आणि मग त्या गाठी औषधाला दाद देत नाहीत, असं मावशीचं म्हणणं. एन्झाइम हे एक प्रथिनच, पण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पेशींमधली सगळी प्रथिनं एका पातळ पांढऱ्या पडद्यावर वजनाप्रमाणे वरखाली पसरवायची. तो पडदा सशाच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीत भिजवायचा. ती फक्त आपल्या एन्झाइमला शोधून चिकटते. तिथे काळी पट्टी उमटते.

"आणि सशाचं काय होतं?"

"ससा मजेत असतो, अशी माझी समजूत आहे. ती मोडू नकोस."

अँटीबॉडी महाग. त्यामुळे तिथे एक रीत पडली होती. एन्झाइमचं वजन ठाऊक होतं. पडद्यावर ते जिथे उमटणार, तेवढीच बोटभर चिंधी ब्लेडने कापायची आणि भिजवायची. उरलेला पडदा कचऱ्यात. वापरलेली अँटीबॉडी पुन्हा नळीत भरून फ्रीजरमध्ये. मावशीचा हात यात इतका बसला होता की तिचे मार्गदर्शक सर नव्या मुलांना तिच्याकडे धाडायचे. "हिच्याकडून शिका. वाया काही जाऊ देत नाही."

तिचे वडील शिंपी. फोनवर विचारायचे, "झालीस का गं डॉक्टर? माझं एक गिऱ्हाईक गुडघा धरून बसलंय."

"बाबा, मी तसली डॉक्टर नाही होणार."

"मग कसली?"

"चिंध्या कापणारी."

"मग घरीच राहायचं होतंस की."

तिचा लेख एका मासिकाकडे गेला होता. तो छापून आला की प्रबंध, मग पदवी. मासिकाच्या परीक्षकाने एकच मागणी केली. ज्या पेशींमधून या एन्झाइमचा जनुक काढून टाकलाय, त्यांच्यावर ही अँटीबॉडी वापरून दाखवा, आणि अख्खा पडदा दाखवा. त्या पेशींच्या जागी पट्टी येता कामा नये. मागणी रास्त होती. प्रयोगशाळेत आजवर हे कुणी केलं नव्हतं. अँटीबॉडी जुनी, सगळ्यांच्या वापरातली. तिच्यावर कोण शंका घेणार?

दुसऱ्या संस्थेतून तशा पेशी आल्या. त्या दुपारी तिने मला मुद्दाम बोलावून घेतलं. "ये. काहीच न दिसण्यात काय आनंद असतो ते बघ."

स्क्रीनवर चित्र उमटलं. वरखाली कितीतरी पट्ट्या होत्या. इतकी वर्षं त्या कचऱ्यात जात होत्या. आणि जिथे कोरं हवं होतं नेमकं तिथे एक जाड काळी पट्टी. नेहमीइतकीच जाड.

मावशी हसली. "नळ्यांची अदलाबदल केली मी. वेंधळी."

तिने पुन्हा केलं. पट्टी आली. पेशींमधला जनुक खरोखर काढलाय का ते तपासलं. काढलेला होता. मग दुसऱ्या कंपनीची अँटीबॉडी उसनी आणली. आता कोऱ्या जागी कोरं आलं. पण तिच्या हट्टी गाठींमध्ये एन्झाइम वाढलेलं नव्हतंच. इतर पेशींइतकंच होतं. जुनी अँटीबॉडी तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या कुठल्यातरी प्रथिनाला चिकटत होती. कुठल्या, कुणालाच माहीत नाही.

सरांशी काय बोलणं झालं ते तिने मला जिन्यातच सांगितलं. कठडा घट्ट धरून.

"परीक्षकाला कळवू, पेशी जगल्या नाहीत," सर म्हणाले.

"जगल्यात, सर. मीच वाढवल्यात."

"पदवी घे आणि सूट एकदाची. ही भानगड पुढचा कुणीतरी निस्तरेल."

"पुढची आपली धाकटीच आहे."

धाकटी म्हणजे तिथली सगळ्यात नवी मुलगी. मावशीच्या निष्कर्षावर विसंबून तिने उंदरांवर काम सुरू केलं होतं. त्यांच्या अंगात गाठी वाढवायच्या, एन्झाइम रोखणारं औषध टोचायचं, शेवटी त्यांना मारून गाठी तपासायच्या.

"लेख मागे घेतलास तर तुझ्याकडे उरतं काय?" सरांनी विचारलं.

ती उठून थेट जिन्यात आली.

दुसऱ्या दिवशी तिने परीक्षकाला ते चित्र पाठवलं. अख्खं. लेख मागे घेत असल्याचंही कळवलं. सरांनी अडवलं नाही. मात्र प्रबंधाच्या मुदतवाढीच्या तिच्या अर्जावर सहीही केली नाही; त्याविना तिला प्रयोगशाळेत राहता येणार नव्हतं.

मग ती धाकटीकडे गेली. मी दारात होते.

"तू दाखवलंस तसंच मी कापत होते, मावशी."

"हो. मीच दाखवलं."

"मग ते उंदीर?"

धाकटीने हातमोजे काढले, टेबलावर टाकले आणि आमच्या मधून निघून गेली.

खोलीवर आल्यावर मावशी भिंतीकडे तोंड करून पडली. मी चहा केला. तो तसाच राहिला.

"तू एवढं वाचतेस," ती भिंतीलाच म्हणाली. "बोल की काहीतरी."

मी गार चहाचा कप उचलून बाजूला ठेवला.

"सकाळी उठून मी जायचं कुठे गं?"

मी तिच्या पायाशी बसले. तिने पाय जवळ ओढून घेतले, मला जागा व्हावी म्हणून.