खरवसावरचा आळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही मला धड माहीत नाही.

भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवते. दरवर्षी उंदराचा प्रयोग सांगते. उंदराला गोड पाणी पाजायचं, मग आजारी पाडणारं इंजेक्शन द्यायचं. बरा झाल्यावर तो त्या पाण्याला तोंड लावत नाही. करणी सुईची — आळ पाण्यावर. मुलं हसतात. मीही हसते. कसं जमतं मला?

इरा तेव्हा लहान होती. मे महिना, तिचं शिबिर, माझी सकाळची बॅच. घाईघाईत डब्याला सँडविच दिलं, आदल्या दिवशीची खोबऱ्याची चटणी लावून. चटणीला वास येत होता. नाही — ती बिघडलीय हे मला कळलं होतं. मी वर लिंबू पिळलं आणि डबा बंद केला.

दुपारी महूहून माझ्या नणंदबाई आल्या. ताई एकट्याच राहतात, मूलबाळ नाही. इरा म्हणजे त्यांचा जीव. खरवस करून आणला होता. इरानं पहिल्यांदाच चाखला आणि वाटी चाटूनपुसून संपवली. दिवेलागणीपर्यंत तिला सलाईन लागलं होतं.

सगळे म्हणाले, खरवस बाधला. ताई दवाखान्याच्या बाकावर बसून एकच म्हणत होत्या, "माझीच गलती आहे गं. दूध बघून घ्यायला पाहिजे होतं मी." आणि मी काय केलं? त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. धीर दिला — मी, त्यांना!

इरानं पुढे त्यांच्या हातचं काही खाल्लं नाही. वेलचीचा वास आला तरी आत्याच्या मांडीवरून उठून जायची. ताईंनी तिला जवळ ओढणंच सोडलं.

यंदा इरा माझ्याच वर्गात आहे. परवा तिनं विचारलं, पाणी चांगलं होतं असं उंदराला नंतर कुणी सांगितलं तर? मी म्हणाले, उंदराला कोण सांगणार? वर्ग हसला. तीही हसली.

ताई अजून येतात. आता बिस्किटांचा पुडा आणतात, सीलबंद. दारातच माझ्या हातात देतात. "तारीख बघून घे हो," म्हणतात.

आणि मी, त्यांच्यासमोर उभी राहून, तारीख बघते.