स्वतःच्या घरी जायचा व्हिसा

काका आधी छाती चाचपायचे, मग बोलायचे. नवीन माणसाला वाटायचं, यांना हार्टचा त्रास आहे. त्रास होता तो शर्टाच्या खिशातल्या पासपोर्टचा. इंग्लंडमधल्या रीडिंग गावात कोपऱ्यावरून दूध आणायचं असलं तरी पासपोर्ट खिशात. "विचारलं कुणी तर?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इतकी वर्षं इथं राहिलेल्या माणसाला दूध घेताना कोण काय विचारणार? पण तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, भीती वाटायला ज्याला कारण लागत नाही.

मी तेव्हा वर्क परमिटवर आलो होतो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. चाळीसगावच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मी छड्या खाल्ल्या होत्या. काकांनी माझ्या त्याच गुणाला नोकरी दिली.

झालं होतं असं, की इथल्या थंडीत काकूंचे सांधे आखडायचे. जिना चढताना त्या कठडा धरून तिथंच बसायच्या. म्हणून काकांनी स्पेनमध्ये, समुद्राजवळ, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. तिथल्या उन्हात काकू पिशवी घेऊन भाजीला एकट्या जायच्या, येताना गुणगुणायच्या. पण दोघांचे पासपोर्ट भारतीय. तेव्हा इंग्लंड युरोपीय संघातच होतं, त्यामुळे त्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट असलेला आमचा शेजारी ब्रायन पासपोर्ट नुसता हलवायचा आणि आत. हवं तितकं राहायचा. काका-काकूंना मात्र आधी व्हिसा, आणि राहायचं सहा महिन्यांत तीनच महिने. घर स्वतःचं, चावी स्वतःची, आत जायची परवानगी तेवढी परक्याची.

"मग ब्रिटिश व्हा ना काका!"

"एवढं एक तरी जुनं राहू दे रे," असं म्हणून ते छाती चाचपायचे.

निघायच्या आधी रंगीत तालीम व्हायची. ओट्यामागे मी इमिग्रेशनचा साहेब, समोर काका.

"व्हेअर आर यू गोइंग?" मी नाकातून गरजायचो.

"माय होम."

"चूक! होम म्हटलं की साहेबाला वाटणार, हा आता परत जात नाही. हॉलिडे म्हणा."

"हॉलिडे. आय ॲम टूरिस्ट." मग हळूच मला, "स्वतःच्या घरी टूरिस्ट म्हणायचं म्हणजे लेका, कसंतरीच होतं."

काकू पोहे परतता परतता म्हणायच्या, "मला बघायला आले होते तेव्हाही असाच घाम. प्रश्न यांच्या मामानं विचारले होते, तेही मला."

व्हिसा आला की काकू दोन्ही पासपोर्ट देवापुढे ठेवून कुंकवाचं ओलं बोट टेकवायच्या. त्यांचं कुंकू वॉशिंग मशीनला लागलं होतं, माझ्या लॅपटॉपलाही लागलं होतं.

त्या वर्षी काका म्हणाले, "तूही चल. साहेब आपल्या बाजूला असलेला बरा."

तिथं उतरलो. युरोपवाल्यांची रांग सरसर पुढे जात होती, आमची मुंगीच्या पावलानं. काकूंना शिक्का मिळाला, त्या पलीकडे गेल्या. मग काका. साहेबानं पासपोर्ट उघडला आणि दिव्याखाली धरला. व्हिसाच्या स्टिकरवर, नेमका संपायच्या तारखेवर, लाल डाग. पासपोर्ट मिटताना ओलं कुंकू पसरलं होतं. साहेबानं नखानं खरवडलं, तसा तारखेचा आकडाच पुसट झाला.

"हू चेंज्ड धिस?"

माझा साहेब ओरडायचा. हा हळू बोलला.

काकांनी पाठ केलेल्या उत्तरांत हे उत्तर नव्हतं. "आय ॲम टूरिस्ट," ते म्हणाले. परत म्हणाले. मी मध्ये तोंड घातलं तर साहेबानं नुसता तळवा दाखवला. एक शिपाई येऊन काकांना काचेच्या खोलीत घेऊन गेला. आत बसून ते छाती चाचपत होते, आणि खिसा रिकामा होता.

रविवार होता, व्हिसा देणारं ऑफिस बंद. खात्री कुणाकडे करणार? संध्याकाळच्या विमानानं परत पाठवायचं ठरलं. मला दारापाशी दोन मिनिटं भेटू दिलं. काकांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी फ्लॅटची चावी माझ्या हातात कोंबली.

"काकूला दे. खिडक्या उघडायला सांग. आणि कुंकवाचं बोलायचं नाही. मी घाबरलो, उत्तरं चुकलो, एवढंच सांग. नाहीतर जन्मभर कुंकू लावताना तिचा हात थरथरेल." मग एकदम माझी बाही पकडून, "रीडिंगला तरी घेतील ना रे मला? विचारलं कुणी तर?"

"घेतील की," म्हणत मी चावी खिशात टाकली.

रीडिंगला घेतलं. काकू दुसऱ्याच दिवशी माघारी आल्या. नाकारल्याचा शिक्का बसल्यामुळे पुढचा व्हिसा लांबला आणि तो अख्खा हिवाळा काकूंनी जिन्यावर काढला. घरी माणसं जमली की काका मला म्हणायचे, "कर रे ती नक्कल, माझं कसं ततपप झालं ती." मी करायचो. "शेवटी भित्रे ते भित्रेच," असं काकू म्हणायच्या आणि सगळ्यांत मोठ्यानं काका हसायचे. पुढे व्हिसा मिळाला तेव्हा त्यांनी कोरं पान उघडून धरलं. "इथं लाव, कडेला. साहेबाची दृष्ट नको."

काकांना जाऊन आता बरेच दिवस झाले. परवा माझा व्हिसा आला म्हणून काकूंकडे गेलो. त्यांनी पासपोर्ट घेतला, अगदी शेवटच्या कोऱ्या पानावर बोट टेकवलं आणि वाळेपर्यंत फुंकत बसल्या.

"व्हिसावर नाही लावलं काकू?"

"वेडा आहेस का? एकदा लावलं ते पुरे नाही झालं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्याही पासपोर्टवर पसरलं होतं की. माझं नशीब, तारखेवर नव्हतं." त्यांनी डबी बंद केली. "मला कळू नये म्हणून स्वतःला भित्रा म्हणवून घ्यायचे. मग मी कशाला कळू देऊ?"

मग त्यांनी पासपोर्ट माझ्या शर्टाच्या खिशात सारला आणि वरून दोनदा चाचपला.

"नीट ठेव रे. विचारलं कुणी तर?"