आधी माणसं झाका

माझ्या सासऱ्यांना माणसं ओळखता येत नसत, विमानं येत. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंना ते कित्येक वर्षं भलत्याच नावानं हाक मारत होते. पण एखाद्या फोटोत शेपटीचा नुसता तुकडा दिसला, तरी ते विमान कोणतं, कधी निघालं आणि का बंद पडलं, हे सांगून मोकळे होत.

हे खूळ लढाईतलं. जपानी विमानं येतील म्हणून मुंबईत गच्च्यागच्च्यांवर टेहळणीला माणसं बसवली होती, त्यांत मामंजीही होते. विमानं ओळखता यावीत म्हणून त्यांना काळ्या आकृत्यांचे पत्ते दिले होते. जपानी विमान काही आलं नाही. लढाई संपली तरी ते पत्ते परत न्यायला कुणी फिरकलं नाही, आणि आमच्या घराला ती पीडा कायमची लागली.

आम्ही अंधेरीला, मरोळच्या रस्त्याला राहायचो. सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या कौलांवरूनच जात, पण मामंजी मान वर करत नसत. "डकोटा काय, शेंबडं पोरसुद्धा ओळखेल," म्हणत. त्यांना हवी असत ती कुणी न पाहिलेली, चार दिवस उडून अडगळीत गेलेली विमानं, आणि तीही फोटोत. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे दोघंजण येत. एक मालाडचे होमिओपॅथीचे डॉक्टर, दुसरे घाटकोपरच्या एका शाळेतले चित्रकलेचे मास्तर. मास्तर रद्दीतून विलायती साप्ताहिकं निवडून आणत, त्यांतले विमानांचे फोटो कापत आणि खाली छापलेली ओळ कापून फेकून देत. ती ओळ कुणाच्या नजरेस पडली तर खेळ कसला!

खेळाचे नियम मामंजींचे. पहिला नियम, आधी माणसं झाका. विमानाजवळ उभ्या असलेल्यांच्या कपड्यांवरून देश कळतो, काळ कळतो, म्हणून त्यांच्यावर काळा कागद चिकटवायचा. माणसं बघून विमान ओळखणं म्हणजे कॉपी. दुसरा नियम, तोंडातून पहिल्यांदा निघेल ते नाव शेवटचं. आणि तिसरा, जो चुकेल त्याला बिनसाखरेचा चहा. तो त्यानं तोंड वाकडं न करता तळापर्यंत प्यायचा आणि कप बशीत उपडा घालून दाखवायचा. चहा करायची मी. आतल्या दारात उभी राहून कोण चुकलं ते ऐकायचं आणि त्याप्रमाणे साखर घालायची, एवढाच माझा खेळात भाग.

मामंजी कधी चुकत नसत. चुकणाऱ्याला सोलून काढण्यात त्यांना फार गोडी. एकदा डॉक्टरांनी 'प्रेंटिस'ला 'प्रॉक्टर' म्हटलं, तर अर्धा तास त्यांची चंपी झाली. "डॉक्टर, रोग्यांना औषधं अशीच देता का हो? प्रॉक्टर लढाईत होता. प्रेंटिस लढाई संपल्यावर जन्माला आला. पंखांची टोकं बघा, वर वळलीयेत, नाक मुरडल्यासारखी. प्रॉक्टरची अशी असतात? आंधळासुद्धा चाचपून सांगेल!" डॉक्टरांनी कडू चहा घशाखाली ढकलला आणि कप उपडा घातला. मला मनातून हसू आलं होतं. दुसऱ्याची खरडपट्टी ऐकायला मलाही बरं वाटायचं. त्या घरात करमणूक दुसरी होतीच कुठे?

माझा नवरा आसामात विमानदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तो तिकडे गेला, आणि लढाईच्या शेवटच्या थंडीत एका लॉरीत बसून कामावर गेला तो परत आला नाही. 'बेपत्ता, बहुधा मृत' असं कळवण्यात आलं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. तोवर बायको सवाष्ण. मी बारा वर्षं कुंकू लावत होते, वटपौर्णिमा करत होते, आणि बायका हळदीकुंकवाला मला बोलवावं की नाही म्हणून आपसांत कुजबुजत होत्या. मामंजींना मात्र आळीत मान होता. मुलगा लढाईत गेला! नणंदेचं लग्नही त्याच पुण्याईवर ठरलं होतं. 'वीराचं घराणं' म्हणून मुलाकडच्यांनी पत्रिकासुद्धा पाहिली नव्हती. लग्नाआधी विधी उरकायचा, म्हणून गुरुवार नक्की झाला. भटजींना सांगून झालं होतं.

त्याच आठवड्यातला रविवार. मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात आले, तेव्हा मास्तरांनी नवा फोटो टेबलावर ठेवला होता. गुळगुळीत कागदावरचा, मोठा. विमानापुढे तिघाचौघांवर काळा कागद चिकटवलेला. मामंजींनी चष्मासुद्धा पुसला नाही.

"प्रेंटिस!" ते म्हणाले. "पंख बघा, पंख! डॉक्टर, आता तरी ओळखाल का?"

"आता जन्मात नाही विसरायचा," डॉक्टर म्हणाले. तिघेही हसले. मास्तरांनी नखानं काळा कागद सोलला.

जाड लोकरी स्वेटर घातलेले चार मेकॅनिक उभे होते. तीन गोरे. चौथा माझा नवरा.

डावा खांदा खाली सोडून उभं राहायची त्याची खोड, वरच्या ओठावरची कापल्याची खूण, सगळं तेच. अंगानं मात्र भरला होता. हसत होता. आमच्या लग्नाच्या फोटोत तो असा हसला नव्हता. माझ्या हातातली बशी कलली आणि पोहे जमिनीवर सांडले. कुणी पाहिलं नाही. तिघेही फोटोकडे बघत होते.

तो जिवंत होता याचा मला आनंद झाला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला संताप आला. मी इथे उपासतापास करत होते, आणि हा कुठेतरी थंड मुलखात स्वेटर घालून दात काढत होता. कसा गेला, कुणाबरोबर गेला, मला आजही ठाऊक नाही. पण एक गोष्ट त्याच क्षणी लख्ख कळली. लढाई संपल्यावर जन्मलेल्या विमानापुढे लढाईत मेलेला माणूस उभा राहू शकत नाही. म्हणजे गुरुवार टळला. टाकलेली म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण जिवंत नवऱ्याची मी विधवा होणार नव्हते.

मामंजींनी फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा खाली ठेवला. मग त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसला.

"प्रॉक्टर आहे," ते म्हणाले. "लढाईतलाच फोटो. शिलाँगकडचा असेल, तिकडे थंडी असते."

मी पदर सावरला आणि जन्मात पहिल्यांदा परक्या पुरुषांदेखत त्यांच्याशी बोलले. "मामंजी, आत्ता तुम्ही प्रेंटिस म्हणालात."

"चूक झाली."

"आणि पंख?"

"सूनबाई, आत जा. पोहे सांडलेत ते भर आधी." मग ते मित्राकडे वळले. "काय डॉक्टर? प्रॉक्टरच ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हो, तसा... प्रॉक्टरच दिसतोय," ते म्हणाले. मास्तर मूग गिळून बसले. ज्यांनी फोटो आणला, खालची ओळ वाचून मग कापली, ते मास्तर! त्यांना तर विमानाचं नाव, गाव, साल सगळं ठाऊक असणार.

"मास्तर, तुम्ही वाचलं असेल ना खाली काय होतं ते?" मी विचारलं.

"मी... तसं काही लक्षात नाही, वहिनी."

मामंजींनी खणातून कात्री काढली. दुर्मीळ विमानाचा फोटो त्यांनी कधी फाडला नसता, जीव गेला तरी. त्यांनी पंखाच्या कडेकडेनं, जराही धक्का न लावता, चौघांना कापून काढलं. विमान वहीत ठेवलं. माणसांचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चुलीत टाक. आणि हिच्यापाशी बोलू नकोस." हिच्यापाशी म्हणजे सासूबाईंपाशी. त्या मागच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या मुलाचं तोंड मी निखाऱ्यावर धरलं. ते आधी पिवळं पडलं, मग वळलं. हाक मारली असती तर त्या धावत आल्या असत्या. पण मारली असती तरी त्यांनी नवऱ्याचंच ऐकलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं?

मग मी चहा ठेवला. साखरेचा डबा समोर होता, त्याला हात लावला नाही. कप मामंजींपुढे ठेवला, डॉक्टरांपुढे ठेवला. गप्प बसणाऱ्याला काय द्यायचं हे नियमात नव्हतं. मास्तरांनाही तोच दिला.

मामंजींनी पहिला घोट घेतला आणि त्यांना कळलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कप भिरकावतील. किंवा, वेडीच मी, वाटलं की आता खरं बोलतील. त्यांनी तोंड वाकडं न करता तळापर्यंत चहा प्यायला, कप बशीत उपडा घातला आणि म्हणाले, "गुरुवारी भटजी सातला येणार आहेत. पाणी लवकर तापव."

गुरुवारी पळसाच्या पानांचा माणूस जळला. धूर फार झाला. शेजारच्या बायकांनी माझ्या बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं. सासूबाई ऊर बडवून रडल्या. डॉक्टर आणि मास्तर पांढरे कपडे घालून आले होते, मामंजींच्या खांद्यावर हात ठेवून बसले.

पुढच्या रविवारी फोटोंची बैठक भरली. चहा घेऊन मी निघाले, तर सासूबाईंनी माझ्या हातातून तबक काढून घेतलं. सकाळच्या प्रहरी विधवेचं तोंड कुणाला दिसायला नको, म्हणून. मी चुलीपाशी बसून ऐकत राहिले. मामंजींनी त्या दिवशी आलेली सगळी विमानं बरोबर ओळखली. सासूबाईंनी सगळ्यांच्याच चहात साखर घातली.