रिफातच्या गाडीचा हॉर्न

"फ्यूज मरतो म्हणून तार वाचते, मेलेल्या फ्यूजला शिव्या देऊ नयेत," असं गाड्यांचा मिस्त्री उस्ता शौकी एकदा म्हणाला होता. तेव्हापासून इजिप्तमधल्या तांता शहरातले टॅक्सीवाले दुकानात शिरताना हे वाक्य त्यालाच ऐकवत आणि वर चहा उकळत.

गाड्यांच्या विजेची कामं करता करता शौकीचे केस पिकले. दुकान घराखालच्याच गाळ्यात. गल्लीतून निघणाऱ्या प्रत्येक वरातीचा हॉर्न आधी त्याच्याकडून तपासून जाई, कारण मुक्या गाडीतून नवरी नेली तर लोक म्हणत, चोरून नेली. त्याची स्वतःची गाडी मात्र कधी झाली नाही. इख्लासला त्याने लग्नाच्या दिवशी पायीच घरी आणलं होतं. त्यावर ती कधी चकार शब्द बोलली नाही, आणि तेच त्याला सलत आलं. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

त्यांच्या मुलीचं, नवाराचं लग्न ठरलं तेव्हा इख्लासचा चुलतभाऊ रिफात कुवेतहून आला. लांबलचक पांढरी गाडी घेऊन आला, नवरी माझ्याच गाडीतून जाईल असं सांगतच घरात शिरला. शौकीच्या आधी त्याच्याशीच इख्लासचं ठरलं होतं, दोन्ही घरांनी बसून लग्न पक्कं केल्याची फातिहाही वाचली होती. मग तो कुवेतला गेला आणि येतो येतो म्हणत राहिला. शेवटी तिच्या बापाने शब्द परत घेतला. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी त्या गाडीचा हॉर्न गेला. रिफातने आदल्या दिवशी पुढच्या जाळीत रंगीत दिव्यांची माळ स्वतःच जोडली होती. गाडी गाळ्यात आली. फ्यूजचा डबा ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, सामानाच्या खणामागे होता. शौकी पाय बाहेर टाकून, डोकं आत खुपसून आडवा झाला. हॉर्न दाबायला कुणीतरी हवं होतं, तर रिफातने इख्लासलाच स्टीअरिंगपुढे बसवलं आणि स्वतः तिच्या खिडकीवर रेलला.

शौकीला तिथून फक्त तिची पावलं दिसत होती. मेंदीने लाल झालेली, पेडलजवळ संकोचून ठेवलेली. पंधरा अँपिअरचा निळा फ्यूज त्याने उपसला आणि उजेडात धरला. आतली तार तुटली होती. त्याने नवा बसवला.

"दाब, नवाराची आई."

हॉर्न एकदा किंचाळला आणि गप्प झाला. दुसराही फ्यूज गेला. पण तेवढ्यात इख्लास हसली होती, आणि वरून रिफातचा आवाज आला, "इख्लास, अशी काय घाबरतेस? लहानपणी गाढवावर बसायचीस तेव्हा कुठे घाबरायचीस?"

ती पुन्हा हसली. परक्या माणसांत तिला सगळे नवाराची आई म्हणत. नुसतं नाव घेऊन हाक मारणारा हा एकटाच. शौकी त्या अंधाऱ्या खणाखाली पडून राहिला. हे हसणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं ते कुठे ठेवलं होतं हिने?

तो उठून पुढे गेला. जाळीमागे माळेची एक उघडी तार पत्र्याला टेकली होती. ती कापायची, टोकाला पट्टी गुंडाळायची, एवढंच काम. त्याने इख्लासकडे पाहिलं, मग हात पुसले.

"आत वायरिंग जळलंय," तो म्हणाला. "आज होणार नाही. नवाराला बायूमीच्या टॅक्सीतून नेऊ."

इख्लासचा चेहरा उतरला. बायूमीची टॅक्सी म्हणजे दार दोरीने बांधलेलं खटारं. पण उस्ताच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे.

रिफात मात्र हसला. खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून त्याने चांदीचा कागद फाडला, मेलेल्या फ्यूजभोवती गुंडाळला आणि पलीकडच्या दारातून वाकून तो डब्यात खोचलाही. "उस्ता, तुमचं गाव अजून हे शिकलं नाही? आता उडायचं नावच नाही. मी पार्लरमधून नवरीला आणतो, वाटभर वाजवत."

त्याने इख्लासला दाबायला सांगितलं. तिचा हात उचलला गेला.

कागद जळणार नव्हता, तार जळली असती. कोवळ्या मुलीच्या पांढऱ्या झग्याशेजारी, भर वाटेत. शौकीने झेप घेऊन तिचं मनगट धरलं. मग खाली वाकून त्याने तो कागदाचा फ्यूज उपसून फेकला, पुढे जाऊन माळेची तार कापली, टोकाला पट्टी गुंडाळली, आणि शर्टाच्या खिशातला नवा निळा फ्यूज जागी बसवला. चहा निवायलाही इतका वेळ लागत नाही.

इख्लासने दाबलं. हॉर्न अख्ख्या गाळ्यात घुमला. वरच्या खिडकीतून बायकांनी आनंदाची किलकारी दिली.

रिफातने टाळी वाजवली. इख्लासने वाजवली नाही. ती नवऱ्याच्या हातातल्या तारेच्या तुकड्याकडे पाहत होती.

"म्हणजे होणार होतं," ती हळूच म्हणाली.

शौकीने तो तुकडा बाकावर ठेवला, आणि वाटेतून बाजूला झालेल्या रिफातकडे न पाहता गाळ्याबाहेर चालता झाला.