काटेमास्तर आणि घरातली शिट्टी

कारखान्यात त्यांना सगळे काटेमास्तर म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं. काम म्हणाल तर चिप तपासण्याचं, मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजाचे आकडे करणारी चिप. मास्तर तिला एकच शुद्ध सूर द्यायचे आणि तिने काढलेले आकडे संगणकाला. संगणक धान्य निवडावं तसे त्यातले सूर वेगळे करी. दिलेल्या सुराचा एक उंच सुळका पडद्यावर उभा राही आणि तळाशी बुटकं गवत, म्हणजे कुठल्याही यंत्रात असते ती किरकोळ खरखर. त्या गवतातून आणखी एखादं टोक वर आलं की तो काटा. न दिलेला सूर चिपने पदरचा घातला, असा त्याचा अर्थ. चिप नापास. "काट्याचा नायटा व्हायला वेळ लागत नाही," असं मास्तर साहेबांनाही तोंडावर सुनवायचे. एकदा तर चिपचा नसलेला, बाहेरून शिरलेला काटा शोधत शोधत त्यांनी थेट साहेबांच्या टेबलावरचा मोबाइलचा चार्जर गाठला होता. साहेब बरेच दिवस घुश्शात होते.

पडदा साफ आला की मास्तर शीळ घालत घरी यायचे. बायको ती ओळखायची आणि आधीच दार उघडून ठेवायची.

मग तिला तो आवाज ऐकू यायला लागला. तापातून उठली आणि म्हणाली, "अहो, कुठेतरी शिट्टी वाजतेय. बारीक. थांबतच नाही." एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून द्यायची सोय त्या शिट्टीला नव्हती. तिची झोप उडाली, जेवण कमी झालं, शेजारणीशी बोलणं थांबलं. मास्तरांनी घरात शीळ घालणं सोडलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आवाज बाहेर नाही, कानातच आहे. औषध नाही. सवय करून घ्या." सवय करून घ्या म्हणे. सांगणाऱ्याचं काय जातं?

तिला ते पटेना. "डॉक्टरांनी आपलं घर कुठे बघितलंय? तुम्ही शोधा. तुम्हाला सापडेल."

हे तिने इतक्या विश्वासाने सांगितलं की मास्तरांना नाही म्हणता येईना. त्यांनाही तेच हवं होतं. आवाज बाहेरचा असेल तर पाना-पकड घेऊन बंद करता येईल. कानातला असेल तर जन्माची सोबत.

सुट्टीच्या दुपारी त्यांनी साहेबांना विचारून आणलेलं सामान स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं. मायक्रोफोन, त्यांनीच पास केलेली चिप, बॅटरीवर चालणारा लॅपटॉप. आधी स्पीकरवर एक सूर लावला.

"असा?"

"याहून बारीक."

"आता?"

"अजून थोडा... हां. हाच. अहो, हाच तो." कित्येक महिन्यांनी ती हसली. "आता तरी पटलं ना?"

ती काय ऐकते ते मास्तरांनी पहिल्यांदाच ऐकलं. मिनिटभरात त्यांच्या दाढा शिवशिवल्या. पडद्यावर त्या सुराचा सुळका उभा होता. म्हणजे यंत्र ठीक होतं, आणि नेमकं कुठे बघायचं तेही कळलं. त्यांनी स्पीकर बंद केला. एकदम हलकं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण तिच्यासाठी काहीच बंद झालं नव्हतं.

मग त्यांनी घराचा मेन स्विच पाडला. फ्रिज कुरकुरत थांबला, पंखा थांबला. ती श्वाससुद्धा जपून घेत स्टुलावर बसली. एकदा मोजून भागत नाही. गवत दर वेळी हलतं आणि बारीक काटा त्यात लपतो. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढली की गवत सपाट होतं आणि काटा असलाच तर डोकं वर काढतो. मास्तर डोळ्यांत तेल घालून त्या एका जागेकडे बघत राहिले. जन्मभर काट्यांच्या नावाने बोटं मोडलेला माणूस मनातल्या मनात हात जोडून म्हणत होता, ये रे बाबा. एवढासा तरी ये.

गवत बसत गेलं. सपाट झालं. इतका साफ पडदा कारखान्यात त्यांना उभ्या आयुष्यात बघायला मिळाला नव्हता.

खोटं बोलावं असं मनात आलं. शेजारच्या पाण्याच्या पंपावर ढकलून द्यावं. पण पंप थांबल्यावरही तिची शिट्टी वाजतच राहणार, आणि मग तिने विश्वास तरी कुणावर ठेवायचा?

ती उठून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. मघाशी सुळका कुठे होता ते तिने बघून ठेवलं होतं. त्या जागेवर तिने बोट टेकवलं.

"साफ आलं," ती म्हणाली.

"हो."

"असं आलं की तुम्ही शीळ घालत यायचात."

मग ती मेन स्विच लावायला गेली. पंखा चालू असला की तिला जरा कमी ऐकू यायचं.